शोध थांबवण्याइतकी चांगली

४ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून लोकांची बोलणी जोडून दिलीस आणि स्वतः मात्र फोनवर खुशालीपलीकडे जात नाहीस, म्हणून हे पत्र.

आरसेवालीला मी लग्नाचं विचारलं. तीच, जी माझ्या खोलीच्या बरोबर खालच्या प्रयोगशाळेत अतिवाहक स्फटिकांवर अवरक्त प्रकाश पाडून किती परत येतो ते मोजत असते, म्हणून मी तिला हे नाव ठेवलंय. माझा विषय तुला ठाऊक आहे. माणसाची बुद्धी तोकडी, वेळही तोकडा, म्हणून तो सर्वांत उत्तम गोष्ट शोधत बसत नाही. मनाशी एक रेघ आखतो आणि ती ओलांडणारं पहिलं जे काही भेटेल त्यापाशी थांबतो. कॅन्टीनमध्ये मी तिला तेच सांगितलं. म्हटलं, तू माझी रेघ ओलांडली आहेस, सबब मी शोध थांबवत आहे. तिने विचारलं की पुढे याहून चांगली कुणी भेटली असती का. मी प्रामाणिकपणे म्हणालो की शक्यता बरीच आहे, पण आणखी शोधणं परवडण्यासारखं नाही.

तिने कॉफी संपवली, कप अगदी हलक्या हाताने खाली ठेवला आणि जिना उतरून गेली. तेव्हापासून बोलत नाही. महिनाअखेरीस ती तीन वर्षांसाठी दूरच्या प्रयोगशाळेत चालली आहे. मी बरोबर जायला एका पायावर तयार आहे, पण तेही विचारायची सोय राहिली नाही. आत्या, आमच्या शास्त्रातली सर्वांत मोठी दाद मी तिला दिली होती. कुठे चुकलं ते समजत नाही.

तुझ्या मायेवर भिस्त ठेवून असलेला,
पंडित


९ मार्च

चि. पंडितास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि कपाळाला हात लावला. अरे, मागणी घालत होतास की भाड्याची खोली बघत होतास? खोली बघतानाही कोणी घरमालकाला तोंडावर सांगत नाही की याहून बरी मिळाली असती, पण आता पाय दुखायला लागले. उचलली जीभ लावली टाळ्याला.

आणि थांबतो म्हणे. चष्म्याची फ्रेम निवडायला तू दोन हिवाळे घेतलेस. तोवर मोडक्या काडीला दोरा बांधून माणूस कसा चटकन निवड करतो यावर व्याख्यानं दिलीस. लिहायची खुर्ची अजून पसंत पडलेली नाही, पुस्तकांच्या गठ्ठ्यावर बसतोस. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

तिच्या विषयाचं पुस्तक वाचनालयातून आणलं. निम्मं कळलं, उरलेल्या निम्म्याने मला ओळखच दिली नाही. उच्च तापमानाचे अतिवाहक असं नाव वाचून घाम पुसायला रुमाल घेऊन बसले, तर ते उच्च तापमान म्हणजे शून्याच्या खाली शंभराहून जास्त अंश निघालं. ज्यांचं ऊन इतकं गार, त्यांचा रुसवा किती गार असेल याचा हिशेब तूच कर. त्या थंडीत विजेला अडवणारं कोणी उरत नाही आणि ती बिनविरोध धावत सुटते, असंही लिहिलंय. तुझी जीभही तशीच धावते, फक्त तिला थंडीसुद्धा लागत नाही.

आता तू काही करू नकोस. समजावून सांगायला तर मुळीच जाऊ नकोस. मी तिला लिहिते. ही लावालावी नव्हे. टोकं जोडून देणं हा माझा धंदाच होता.

जेवत जा. माया आहेच, ती तुझ्या अकलेवर अवलंबून नाही.
आत्या


९ मार्च

चि. आरसेवालीस,
अ. आ.

ओळख नसताना आशीर्वाद देते आहे, परत पाठवू नयेस. नाव पंडिताने ठेवलेलं वापरते, कारण खरं नाव त्याने पत्रात लिहिलंच नाही. तो माझा भाचा, आईबापांमागे माझ्याकडेच वाढला.

मी त्याची वकिली करत नाही. आपली बाजू त्याने इतकी व्यवस्थित बुडवली आहे की वकिलाला काही करायला शिल्लक नाही. फक्त त्याचा स्वभाव सांगते. लहानपणी त्याला खोडरबर आणायला पाठवला की शाळा सुटेपर्यंत दुकानातच. सगळे घासून पाहायचा आणि शेवटी रिकाम्या हाताने यायचा, कारण उद्या नवे येणार असतात. कपडे, चष्मा, खुर्ची, सगळ्याची हीच रड. आपण कशापाशी थांबत नाही हे कळल्यामुळेच त्याने थांबण्याचं शास्त्र शिकायला घेतलं असावं, असा माझा संशय आहे.

असा माणूस तुझ्यापाशी थांबला. कारण वेडंवाकडं सांगितलं, कारण कारणं त्याला पुस्तकातच सापडतात. पण थांबला तो खरा.

नको असेल तर नको म्हण, माझं काही म्हणणं नाही. मात्र तोंडाने म्हण. एक्स्चेंजमध्ये मला एकच गोष्ट बघवायची नाही: दोन्ही टोकांना माणसं कानाला रिसीव्हर लावून बसलेली आणि बोलत कुणीच नाही.

लोभ अजून जमलेला नाही, जमला तर आवडेल.
पंडिताची आत्या


१७ मार्च

ती. आत्याबाईंस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र प्रयोगशाळेत उघडलं आणि खोडरबरापाशी इतकी हसले की पंप बघणारे धावत आले.

राग कशाचा आला ते सांगते. पुरेशी म्हटल्याचा नाही. आमच्याकडे पुरेशाला मान आहे. आमचे आधीचे सर एका बिनचूक स्फटिकाची वाट पाहत निवृत्त झाले आणि त्यांच्या निरोपाला सगळे पुरेसं चांगलं बोलले. माझा स्फटिक टाचणीच्या डोक्याहून थोडा मोठा, खडबडीत, एक कोपरा उडालेला. त्याच्यावरून किती प्रकाश परतला हे ठरवायला कशाशी तरी ताडून बघावं लागतं. शेजारी दुसरा गुळगुळीत आरसा ठेवून ताडलं तर उत्तर फसवं येतं, कारण उडालेल्या कोपऱ्याचा दोष स्फटिकाच्या स्वभावावर जातो. म्हणून आधी त्याला मोजायचं, मग जागेवरून न हलवता त्याच्याच अंगावर, जवळजवळ सगळा प्रकाश परतवणाऱ्या सोन्याचा पातळ थर चढवायचा आणि पुन्हा मोजायचं. कोपरा दोन्ही वेळा उडालेलाच असतो, म्हणून हिशेबातून निघून जातो. पंडिताने मला भेटायच्या आधीच आखलेल्या रेघेला लावून मोजलं, हे मला खुपलं.

तुमचं पत्र वाचल्यावर जाणवलं की मीही तेच करत होते. लग्नाचं विचारताना जो गोड बोलतो, अशा कुणा गुळगुळीत माणसाशेजारी त्याला ठेवून मी मोजत होते. तुम्ही त्याला त्याच्याशीच ताडून दाखवलंत.

तरीही परीक्षा घेणारच. आज त्याला सांगितलं की बरोबर यायचं असेल तर शुक्रवारी संध्याकाळपर्यंत प्रवासाची बॅग स्वतः निवडून आण. नाहीतर मी एकटी निघाले. त्याचं काम काय, पेन्सिल आणि बसायला पुस्तकांचा गठ्ठा मिळाला की कुठेही चालतं. बॅग म्हटल्यावर त्याचा चेहरा इतका पडला की दया आली, पण मुदत वाढवली नाही.

लोभ जमतो आहे असं वाटतं.
आरसेवाली


शुक्रवार, संध्याकाळ

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

बॅग आणली. पहिलं दुकान, पहिली बॅग. दुकानदाराने विचारलं की दुसऱ्या दाखवू का, तर मी डोळे मिटून नको म्हणालो. रंग औषधाच्या बाटलीसारखा आहे, चेन अर्ध्यावर अडते आणि एक चाक डावीकडे ओढतं. बाहेर पडल्यावर शेजारच्या काचेत याहून चांगली आणि हलकी बॅग दिसली. आत्या, मी रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूने आलो.

तिने ती उलटीपालटी करून बघितली आणि चेन अडत होती तिथे मेणबत्ती घासत बसली. मी विचारलं की म्हणजे माझं काय ठरलं. तिने सांगितलं की आधी कपडे भर.

भरतो आहे. तीन सदरे निवडून झाले, चौथ्यापाशी घोडं अडलंय.
तुझा पंडित

ता. क. आत्याबाई, सदरा मी निवडून दिला. बॅग एकट्याने ओढली की भिंतीला जाऊन धडकते. दोघांनी धरली की सरळ चालते, जिन्यापासून फाटकापर्यंत मोजून पाहिलं. निघण्यापूर्वी ती घेऊन तुमच्याकडे येतो. तुमचा लोभ पुरेसा आहे, तरी वाढत राहावा.
आरसेवाली