दोघांना कळेल असं बायबल

३ जाने.
आमचा मुलगा आग्नेल बोटीवर कामाला गेला. सहा महिने. घरात आता मी, ही आणि सूनबाई लिजी. लिजी केरळची, वाढली दुबईत. मल्याळम बोलते, पण वाचते फक्त इंग्लिश. अलिबागला हॉस्पिटलात नर्स.
संध्याकाळी प्रार्थनेला मी नेहमीसारखं मराठी बायबल वाचलं. लिजी हात जोडून भिंतीवरची पाल बघत होती. संपल्यावर हळूच म्हणाली, "पप्पा, कुछ समझता नहीं."
एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर. चार भाषांत 'पुढे सरका' ओरडलो. घरच्या पोरीला शास्त्रातली एक ओळ सांगता येईना.

५ जाने.
तोड काढली. मी मराठीत वाचायचं, मग तोच भाग तिने इंग्लिशमध्ये. माझं मॅट्रिकचं इंग्लिश, ऐकून निभेल. कपाटातून माझ्या मामांचं जुनं, जाडजूड इंग्लिश बायबल काढलं. लिजी पहिल्याच ओळीला अडकली. "पप्पा, ये तो मेरे दादाजी के दादाजी का इंग्लिश है!"
ही चुलीपासून, "काय म्हणते?" सांगितलं. तिघंही खो खो हसलो. आग्नेल गेल्यापासून पहिल्यांदा.

९ जाने.
चर्चमध्ये मिस्सेनंतर फादरना गाठलं. म्हणाले, आत सगळी पुस्तकं असलेलं घ्या, आपल्या कॅथलिकांचं; इतरांच्यात काही कमी असतात. आणि कंडक्टर, रोज वाचणार असाल तर वाचवेल ते घ्या, कपाटात शोभणारं नको. काही भाषांतरं शब्दाला शब्द धरून जातात, काही अर्थ धरून. बसून पारखा.
त्यांच्याकडून दोन इंग्लिश बायबलं आणली, एक तपकिरी कव्हरचं, एक हिरव्या. पांढरं लिजीने हॉस्पिटलातल्या मैत्रिणीकडून आणलं.

१३ जाने.
पारख माझी. उधळ्या मुलाचा दाखला मला तोंडपाठ: पोरगा पैसा उडवून परत येतो, बाप धावत सामोरा जातो. लिजी वाचणार, मी डोळे मिटून बसलो. बाप धावत येताना दिसला तर भाषांतर पास.
तपकिरी – शब्द इमानदार, पण वाक्यं इतकी लांब की लिजीला दम लागला. नापास.
पांढरं – सोपं, झरझर. बाप दिसलासुद्धा. पण आमच्या मराठीत तो पोराच्या गळ्यात पडतो, इथे नुसता 'हग'. मी म्हटलं, हे नको. हग काय, कोणीही कोणालाही करतं.
लिजी, "पप्पा, हग मतलब वही ना?"
"वही नहीं."
माझा आवाज चढला.  जेवताना हिने मला कालवण वाढलं ते न बघताच.

१४ जाने.
सकाळी ही म्हणाली, "तुमच्या बापाने तुम्हाला कधी जवळ घेतलं होतं?"
"न्हाय."
"मग शब्दावरून पोरीशी कशाला भांडता?"
 चहाचा कप घेऊन मीच लिजीकडे गेलो. सॉरी म्हटलं. ती रडायला लागली. मग हिंदी, इंग्लिश, हातवारे, सगळं मिळून सांगितलं. ती चार वर्षांची असेपर्यंत तिचे वडील एकटेच दुबईला होते. मग मायलेकी तिकडे गेल्या तेव्हा विमानतळावर तिने त्यांना ओळखलंच नाही, आईच्या मागे लपली. तर तो माणूस सगळ्या लोकांसमोर धावत आला. "वो हग था, पप्पा."

हिला मराठीत सांगितलं. हिने लिजीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, आज कामावरून लवकर ये, तांदळाची गोड बोरं तळते.

१८ जाने.
शेजारच्या जनार्दनच्या शेतात पोपटी. वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, वर भांबुर्ड्याचा पाला, मडकं उलटं घालून जाळ. लिजीला सगळंच नवल. शिजेपर्यंत वेळ होता, पिशवीत हिरवं होतंच. तिथेच बांधावर बसून तिने दाखला वाचला. ना लांबण, ना घाई. अडली कुठेच नाही. मला रस्ता दिसला, धूळ दिसली.
जनार्दन होडीवाला, त्याला इंग्लिशचा गंध नाही. तरी जाळ सारायचा थांबला. "भाऊ, काय वाचते ती?" मी मराठीत सांगितलं.
"म्हातारा धावला? सोताहून?"
"व्हय."
"मंग पोरगा काय बोलला?"
लिजीला विचारलं. तिने तो भाग परत वाचला, मी मराठी केली. शेंगा जरा करपल्याच. चव मात्र झकास.
हिरवं ठरलं. येताना लिजी म्हणाली, पांढरं हॉस्पिटलात ठेवते, पेशंटना बरं पडेल. चालेल म्हटलं. मनापासून.

२७ जाने.
मुंबईहून पार्सल आलं. हिरवंच, मोठ्या अक्षरांचं. मोठी अक्षरं माझ्यासाठी, हे लिजीने मला न विचारता मागवलेलं. हिने हळदीचा हात धुऊन मगच पुस्तक घेतलं, वास घेतला, परत दिलं.

२ फेब्रु.
लिजीला आयर्लंडहून पत्र. तिकडच्या हॉस्पिटलात नोकरी. लग्नाआधी अर्ज टाकला होता. आग्नेल फोनवर म्हणाला, तुझी मर्जी, तू जाशील तिथे मी येईन. कळवायला महिन्याची मुदत.  मी बागेत जाऊन नारळाची झावळं ओढत बसलो, काही गरज नव्हती.
संध्याकाळी प्रार्थनेला बसलो. म्हटलं, आता पहिल्या पानापासून लावू. लिजीने शेवटापर्यंत पानं चाळली, बोटांवर हिशेब केला. रोज एक अध्याय धरला तर तीन वर्षांच्या वर जातील.
"तुम्ही सांगा पप्पा, क्या करूँ?" अर्धं मराठी, अर्धं हिंदी.
मी म्हटलं, आधी वाच.
तिने इंग्लिशमधून वाचलं. उजेड कसा झाला तो भाग. ही मध्येच म्हणाली, "हे मला कळलं." कसं कळलं देव जाणे. लिजी हसत सुटली, आणि एका अध्यायावर थांबायचं ठरलेलं असून तिने दुसराही सुरू केला.