काशीला सोडलेलं दही

१२ मार्च

सोलापूरहून परत आलो. एकदाचं काहीतरी हाती लागलं! सासूबाईंच्या आतड्याचा खराब तुकडा काढून महिना होऊन गेला, पण शौचासाठी पोटावर लावलेल्या पिशवीत नुसतं पाणी. खाल्लेलं अंगी लागेना. अँटिबायोटिकनं वाईट जंतूंबरोबर चांगल्यांचीही सफाई केली असणार. आज डॉक्टरांनी प्रोबायोटिकच्या पुड्या दिल्या. म्हणाले, "जादू नाही ही. पण बऱ्याच जणांना उपयोग होतो. घरचं दही-ताकही चालेल. वजन वाढू द्या, मग पिशवी काढायचं ऑपरेशन करू. तोवर नाही."

चांगले जंतू! मी बी.एस्सी.ला सूक्ष्मजीवशास्त्र घेतलं होतं. लग्न होऊन मुरुम गावी आले आणि त्या विद्येवर इडलीचं पीठ तेवढं आंबवलं. आता बघा म्हणावं!

१६ मार्च

पिशवीतलं घट्ट झालं!! असल्या गोष्टीचा एवढा आनंद होईल असं कुणी सांगितलं असतं तर त्याला वेड्यात काढलं असतं. हे दुकानातून फोन करतात — "आज कसं हाय?" मी इकडून ओरडते, "पिठल्यासारखं!" गिऱ्हाइकांना वाटत असेल, गौरीशंकरशेठ जेवणाची चौकशी करायलेत.

१८ मार्च

सासूबाईंनी स्वतः मागून भाकरीचा पापुद्रा खाल्ला. वरणात कुस्करून. मी नाचायचीच बाकी होते.

२० मार्च

माझ्या जिभेला हाड नाही!

पुडी पाण्यात कालवून दिली, तर सासूबाईंनी विचारलं, "काय असतंय गं ह्याच्यात?" झालं, मी सुरू. जिवंत जंतू असतात, आतड्यात कामाला लागतात — "आणि आत्या, दह्यात असतात ना, त्यांचीच ही भावंडं!"

त्यांनी पेला खाली ठेवला. "दह्यातले? म्या काशीला दही सोडलंय."

काशीला गेलं की आवडीचा एक पदार्थ तिथंच कायमचा सोडून यायचा. आमच्याकडं अजून पाळतात. हे मी विसरलेच कशी? आता पुडी तोंडाला लावायला तयार नाहीत. हे रात्री एवढंच म्हणाले, "तुला कुणी सांगितलं होतं शाळा घ्यायला?"

२५ मार्च

पुन्हा पाणी. वजनही उतरलं. डॉक्टर फोनवर म्हणाले, असंच राहिलं तर ऑपरेशन लांबणार.

पण मी हार मानणारी नाही! दुपारी मठात जाऊन स्वामींना विचारलं. ते हसून म्हणाले, "औषधाला कसला दोष, बाई? घेऊ दे." पळतच घरी आले, धापा टाकत सांगितलं. वाटलं, जिंकले!

सासूबाईंनी भिंतीकडं तोंड फिरवलं. "स्वामींना समदं ठाव न्हाय."

हट्टीपणाची हद्द झाली. मीही त्यांच्याशी बोलले नाही मग.

२७ मार्च

सकाळी पिशवी बदलताना सासूबाई म्हणाल्या, "दार लाव." मग माझा हात धरून हळू आवाजात —

"मला दही कधीच आवडलं न्हाय गं. वासानंच मळमळतंय. तिथं समद्या बाया आंबा सोडायल्या होत्या, पेढा सोडायल्या होत्या. म्या दही सोडलं. लई हुशारी वाटली तवा. देवाला फशिवलं, म्हणून तर हे पोटाला आलं. आता तेच औषध म्हणून खाल्लं तर आणिक काय व्हईल?"

मला आधी हसू फुटलं, मग रडू. मी हट्टी समजत होते. बाई घाबरली होती!

म्हटलं, "आत्या, दही आवडत नाही ना? मग देवाला फसवल्याचा दंड म्हणून खा."

त्यांनी माझा हात सोडला. मग म्हणाल्या, "आण. अन् ह्या सालापासनं आंबा घरात आणू नको. आता खरं आवडीचं सोडते."

नाक दाबून दह्याची वाटी संपवली.