जुन्या नावांचा अंदाज

२ जानेवारी
आजपासून रोज लिहायचं. विषय एकच: कोणती जुनी नावं आता पुन्हा फॅशनमध्ये येणार. हा अंदाज बांधायला माझ्याइतका लायक माणूस शोधून सापडणार नाही. उभा जन्म दारांवरच्या नावाच्या पाट्या रंगवण्यात गेला. नावं ठेवायचं काम लोकांचं, रंगवायचं माझं.

सिद्धांत असा. आईचं नाव जुनाट वाटतं, आजीचं म्हातारं वाटतं, पणजीचं मात्र गोड वाटतं. म्हणजे पणजीपर्यंत मागे गेलं की नाव परत येतं. हे इतक्यात कोणाला सांगायचं नाही. शेजारच्या सलूनवाल्याला तर मुळीच नाही.

३ जानेवारी
सलूनवाल्याला सांगितलं. दुसरं आहे कोण सांगायला? तो म्हणाला, मग तुमच्या दुकानात गिऱ्हाईक कधी परत येणार त्याचाही अंदाज काढून टाका. दुर्लक्ष केलं.

९ जानेवारी
मधले दिवस लिहिलं नाही. चिंतन चालू होतं.

योजना पक्की. मुलांच्या खोल्यांना लावायच्या छोट्या पाट्या आधीच रंगवून खिडकीत मांडायच्या. सगुणा, अनसूया, वत्सला, बळवंत, भालचंद्र. लाट आली की लोक धावत येतील आणि तयार माल फक्त माझ्याकडे.

संध्याकाळी मुलाचा फोन. सूनबाईला नववा लागला. तिचे आईवडील आणि म्हातारे आजोबा त्यांच्याकडे राहायला गेलेत. मीही येऊ का, असं विचारणार होतो. तेवढ्यात तोच म्हणाला की घर लहान आहे, बाबा, तुमची उगाच गैरसोय होईल. माझी फार काळजी करतो.

१६ जानेवारी
खरी गोष्ट आज लिहून टाकतो. मुलगी होणार, आणि तिला आमच्या हिचं नाव मिळणार. हा माझा मुख्य अंदाज. हिला जाऊन चार वर्षं झाली. त्या नावाने पुन्हा कोणीतरी हाक मारेल आणि कोणीतरी ओ देईल. मला एवढंच पाहिजे. बाकीची नावं आली काय, न आली काय.

एक अडचण आहे. बाळाची ही आजी लागते, पणजी नाही. सिद्धांताला एक पिढी कमी पडते. पण काही फळं लवकर पिकतात. सिद्धांतात तशी दुरुस्ती केली.

मुलाला मात्र सुचवणार नाही. जाणकाराने कोणाला गळ घालायची नसते. तो आपण होऊन विचारेल.

२१ जानेवारी
खिडकी बघून एक बाई आत आल्या. गिऱ्हाईक! मुलाच्या खोलीसाठी पाटी हवी होती. नाव म्हणे रियांश. त्याऐवजी बळवंत किती शोभेल, हे मी सविस्तर समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या की मुलगा तीन वर्षांचा झालाय, हाक मारली की येतो, आता बदलायचं कसं? आणि गेल्या. रियांश रंगवायला माझी काही हरकत नव्हती. ते सांगायचं राहूनच गेलं.

२५ जानेवारी
मागच्या गल्लीतल्या आजी काठी टेकत आल्या. खिडकीत स्वतःचं नाव बघून भडकल्या होत्या. मी अजून जिवंत आहे, माझी पाटी करायला तुला सांगितलं कोणी, असं त्यांनी अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं. मी म्हणालो की आजी, तुमच्या नावाला फार चांगले दिवस येणार आहेत. त्या म्हणाल्या, नावाला येऊ देत, मला कधी येणार ते सांग. पाटी आत ठेवली. सलूनवाला गिऱ्हाइकाची दाढी अर्धी टाकून बघायला आला होता.

२९ जानेवारी
मुलगा विचारेना. फोनच बिघडला असेल म्हणून सलूनवाल्याला मिस्ड कॉल द्यायला लावला. वाजला.

शेवटी मीच फोन केला. सहज. नावाचं काही ठरलं का, हेही सहजच विचारलं. बघू, म्हणाला. 'बघू' म्हणजे मनात पक्कं आहे, मला सरप्राइज द्यायचंय. बापाला कळतं.

आज पुन्हा दोघांचा स्वयंपाक झाला. हात सवयीने वळतो. उरलेलं उद्या.

४ फेब्रुवारी
न राहवून हिच्या नावाची पाटी रंगवायला घेतली. निळ्या रंगात. हिला निळा आवडायचा. की हिरवा? बराच वेळ ब्रश हातात धरून बसलो. विचारणार कोणाला? निळाच ठेवला.

९ फेब्रुवारी, सकाळ
मुलगी झाली! अंदाज खरा! बाळ-बाळंतीण खुशाल. नाव संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर सांगतो म्हणाला. म्हणजे सरप्राइजच. दाढी करून आलो. इस्त्रीचा शर्ट काढून ठेवलाय.

९ फेब्रुवारी, संध्याकाळ
सूनबाईच्या आजीचं नाव ठेवलं. त्या कधीच गेल्या. म्हणजे बाळाच्या पणजीचं, जुन्यातलं जुनं. सगळ्यांना फार गोड वाटतंय. सिद्धांत तंतोतंत खरा ठरला, मूळचा, दुरुस्तीच्या आधीचा. तशी नोंद करून ठेवतो.

मी छान छान म्हणालो. मग राहवलं नाही. आईचं नाव नाही का सुचलं, असं विचारलं. मुलगा म्हणाला की खरं सांगू का बाबा, सुचलंच नाही. आजोबांना हल्ली आठवत नाही की आजी गेली. दिवसभर तिला नावाने हाका मारत घरभर फिरतात. आधी ऐकवायचं नाही, मग ऐकून ऐकून ते नाव आमच्याच तोंडात बसलं. आता त्यांच्या हाकेला निदान कोणी ओ तरी देईल.

आणि आईचं नाव आपल्या घरात मी कधी ऐकलंच नाही, म्हणाला. मी आई म्हणायचो, तुम्ही अगं म्हणायचात. रागावून बोलला असता तर बरं झालं असतं.

१० फेब्रुवारी
दुकान उघडलं नाही. सलूनवाला चहा घेऊन आला होता. झोपलोय असं आतूनच सांगितलं.

दुपारी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. हिला एकदा नावाने हाक मारायची, असं ठरवलं. घरात कोणी नाही, लाजायचं कोणाला? घसा साफ केला. नाव जिभेवर होतं. तोंडातून आलं ते 'अगं'.