गळ्यापर्यंत बटणं

दि. ९, शनिवार, दुपार

ठमाबाईंना बापाचा आशीर्वाद.

तू आईशी फोनवर बोलतेस, त्यातलं जे माझ्या वाट्याला येतं त्यावरून तू बरी आहेस असं धरून चालतो. इकडे ठीक. बेकरीतली जुनी भट्टी शेवटी बदलली. नवी विजेवरची आहे, नखरे फार, पाव एका बाजूला करपवते. तुझ्या आईचा गुडघा अधूनमधून कुरकुरतो आणि ती सतत कुरकुरते. हे तिला सांगू नकोस.

परवा काखेतली गाठ पिकली म्हणून कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो होतो. हो, माझ्या काखेतली.

त्यांनी शर्ट काढायला लावला आणि बघतच राहिल्या. "अहो, इतक्या गाठी घेऊन इतकी वर्षं वावरलात?" मग नीट समजावलं. कातडीखालच्या तेलाच्या नळ्यांत होणाऱ्या गाठी, आत पिवळट तेल. फार कमी जणांना होतात. कॅन्सर नाही, दुसऱ्याला लागत नाही, जिवाला धोका नाही. घाणीने होत नाहीत, तळलेलं खाऊन होत नाहीत. वयात येताना उगवतात. आईबापांपैकी एकाला असल्या, तर मुलाला व्हायची निम्मी शक्यता.

तेव्हा कुठे मला कळलं, असं पुढे लिहिणार होतो. धडधडीत खोटं. मला आधीपासून ठाऊक होतं. माझ्या वडिलांच्या, आबांच्या पाठीवर होत्या, माझ्या छातीवर पंधराव्या वर्षी आल्या. भट्टीपुढे सगळे बनियनवर असतात, मी एकटा गळ्यापर्यंत बटणं लावून घाम गाळतो. म्हणून तर सगळे मला 'साहेब' म्हणतात. तुझ्या आईला मी शपथ घातली होती, पोरीला कळता कामा नये.

आणि तुझ्या मानेवर पहिली गाठ दिसली तेव्हा तुझ्या मैत्रिणींसमोर काय बोललो? "अंग घासत जा जरा, घाणेरडी कुठली!" तू दगडाने घासून मान सोलून काढलीस. तरी मी गप्प. वर तुझ्या ताटातलं तळलेलं उचलून घ्यायचो. रागावलो नव्हतो गं, घाबरलो होतो. पोरीला हे कुठून आलं, असं कुणी विचारलं असतं तर?

तू माझ्याशी बोलणं टाकलंस ते बरोबरच केलंस.

आता मंगळवारचं. तू सगळ्या गाठी काढून घेणार आहेस. तुझे सर्जन म्हणाले, एकदा मुळासकट काढल्या की सुटलात. बिनबाह्यांचा ड्रेसही घेऊन ठेवलायस म्हणे. आई सांगताना किती हसत होती.

तू दुसरीत असताना मी पंधरा दिवस ट्रेनिंगला गेलो होतो, आठवतं? ट्रेनिंग कसलं डोंबलाचं! चौदा गाठी कापून घेतल्या. कापलेल्या परत आल्या नाहीत, हे खरं. शेजारी नव्या आल्या. दोन वर्षांत एकवीस, आणि मधल्या जागेत टाक्यांचे जाड वण. परवा डॉक्टरीणबाईंना विचारलं, लेझर, गोळ्या, काहीतरी असेल ना? "थोड्या कमी होतील, काही काळ. मुळावर औषध नाही." मी पुन्हा विचारलं. उत्तर तेच.

तारीख मला वीस दिवसांपूर्वीच कळली होती. तुझ्या आईच्या फोनवरून चार वाक्यं बोललो असतो तर पुरे होतं. रोज फोन हातात घेतला, रोज तो ड्रेस डोळ्यांपुढे आला, रोज ठेवून दिला. तुझ्या गावी पत्र पोचायला चार दिवस लागतात. आज शनिवार. मला वार मोजता येतात, ठमे. तू हे वाचशील तेव्हा टाके पडलेले असतील.

टाके ओले असताना वाचू नकोस, हे खरं तर सगळ्यात वर लिहायला हवं होतं.

माझ्याच दुखण्यापायी तुला बोल लावणारा आणि याही वेळी गप्प राहिलेला,

तुझा बाबा