चौथा भाग

१४ नोव्हेंबर, मानोरा

वंदना आज ऊसतोडीले गेली. विज्ञान कादंबऱ्यांच्या मालिकेतला माह्याकडून नेलेला चौथा भाग दाखवून इचारत होती, "सोबत नेऊ का?" मी म्हटलं, "राहू दे वं, तिसऱ्यानंतर सारा कचरा हाय." तिनं पुस्तक परत देलं.

कचरा. मी तर वाचलाच नव्हता. वाचकांच्या ग्रुपवर सगळे म्हणत होते, तेच माहं मत म्हणून सांगतलं. संध्याकाळी उघडलं, तं खाली ठेववत नाही. तिचा फोन बंद. सहा महिने फडावर ती काय वाचीन? कायले म्हटलं मी कचरा?

एकशेसाठाव्या पानावर तिचं एसटीचं तिकीट निघालं, खुणेले ठेवलेलं. एवढं वाचूनही तिनं माहंच ऐकलं.