एकच वर्ष

॥ श्री ॥
मैंदर्गी, ता. २२ एप्रिल १९३४

चि. शरच्चंद्र यास गोदाअक्काचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. पोस्टमास्तरांनी तुमच्या सोलापूरचं वर्तमानपत्र आणून दिलं आणि त्यात तुझं अख्खं व्याख्यान वाचलं. मॅट्रिक झालेल्या प्रत्येक तरुणाने कॉलेजात जाण्याआधी एक वर्ष खेड्यात सेवा केलीच पाहिजे, तशी सक्ती हवी, शिक्षण वर्षभर थांबल्याने कुणाचं काही बिघडत नाही, असं तू म्हणालास. मग सेवकांच्या यादीत पहिलं नाव स्वतःच्या मुलाचं घातलंस आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. हेडमास्तरला शोभेल असंच बोललास.

शेजारच्या बसम्माला मी ते सगळं कानडीत समजावून सांगितलं. तिने विचारलं, मुलगा कोणता. मी म्हटलं, कमलाकर. ती पोट धरून हसली. दिवाळीला आला होता तेव्हा त्याच्या चड्डीची नाडी तिनेच बांधली होती की. आठ वर्षांचं पोर ते. मॅट्रिक होईपर्यंत तुझी यादी उंदीर खातील. यंदा मॅट्रिकला बसलेली प्रभा मात्र तुला यादी करताना आठवली नाही. तरुण म्हणजे फक्त मुलगेच का रे?

रागावू नकोस. तुझी चेष्टा करायला माझ्याशिवाय आता उरलंय कोण? शकुंतलेला या उन्हात फिरू देऊ नकोस, तिला सातवा लागेल आता. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझी अक्का

सोलापूर, ता. ३० मे १९३४

ती. गं. भा. अक्का हिचे चरणी शरच्चंद्राचे साष्टांग नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र पोचलं. कमलाकराच्या नाडीची गोष्ट मी घरात कुणाला वाचून दाखवली नाही, तरी सगळ्यांना कळली आहे.

मुख्य बातमी म्हणजे प्रभा मॅट्रिक पास झाली. संस्कृतात आमच्या शाळेतल्या एकाही मुलाला मिळाले नाहीत इतके गुण. पुण्याच्या कॉलेजातून जागा दिल्याचं पत्रही आलं. पण शकुंतलेचे दिवस भरत आले, घरात दुसरं बाईमाणूस नाही. म्हणून ठरवलं की प्रभाने यंदा घर सांभाळावं आणि पुढच्या जूनमध्ये पुण्याला जावं. एकच वर्षाचा प्रश्न आहे. ती समजूतदार आहे. तू विचारलं होतंस ना, प्रभा का आठवली नाही? आता माझी पहिली स्वयंसेविका घरातच मिळाली, आणि व्याख्यानही खरं झालं.

लोणच्याची बरणी कुणाबरोबर तरी धाडावी. धाकट्यावरची माया अशीच राहो ही विनंती.

तुझा शरद

सोलापूर, ता. ४ जून १९३४

ती. आत्या हिस प्रभाचे शि. सा. नमस्कार.

मी रडत बसले आहे असं समजू नकोस. स्वयंपाक मला येतो, आईचं करायला मला जड नाही, आणि तिला या दिवसांत टाकून जावं असंही वाटत नाही. माझी अडचण वेगळीच आहे. पुण्याची जागा २० जूनपर्यंतच राखून ठेवणार आहेत. मी नानांना एवढंच म्हटलं, की एकच वर्ष असेल तर पुढच्या वर्षीची तारीख कागदावर लिहून सही करून द्या. शाळेत प्रत्येक मुलाच्या पालकाकडून तुम्ही लेखी घेताच की. ते हसले, बापावर विश्वास नाही का म्हणाले, आणि पगडी घालून शाळेत गेले. कागद कोराच राहिला.

परवा नानांकडे आलेल्या एका गृहस्थांनी माझी पत्रिका मागितली. नानांनी नाही म्हटलं नाही, बघू म्हणाले. हा बघू मला त्या एका वर्षापेक्षा जास्त लांबचा वाटतो. आत्या, तू मला कधी खोटं सांगितलं नाहीस. मधेच थांबलेली शाळा पुन्हा सुरू होते का गं? तू म्हणशील ते मी ऐकेन. माझ्यावर माया ठेवतेसच, पण या वेळी उत्तर लवकर ठेव.

तुझी प्रभा

॥ श्री ॥
मैंदर्गी, ता. ९ जून १९३४

चि. शरद यास अनेक आशीर्वाद.

प्रभाने मला एक प्रश्न विचारला आहे. त्याचं उत्तर तुलाच लिहिते, कारण ते तुझ्याच घरातलं आहे.

अक्कलकोटला मी चौथी पहिल्या नंबराने पास झाले तेव्हा आईला दिवस होते. घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं. अण्णांनी मला मांडीवर बसवून सांगितलं, की एकच वर्ष घरी राहा, मग पाचवीत बसवतो. मी पाटी माळ्यावर ठेवली ती पुसलीसुद्धा नाही, त्यावर गणित अर्धं होतं. श्रावणात तू झालास. तुला कडेवर घेऊन मी शाळेच्या खिडकीखाली उभी राहायची आणि आतलं ऐकायची. तू रडायला लागलास की बाई मला हाकलायच्या. मग आई आजारी, मग तुझे दात, मग बाराव्या वर्षी माझं लग्न. कुणी वाईट नव्हतं रे. अण्णाही खोटं बोलले नव्हते, त्यांना खरंच एकच वर्ष वाटलं होतं. पण ते संपलं असं मला कुणी सांगितलंच नाही. बेचाळीस वर्षं झाली.

तुला वाढवल्याचं मला सुखच आहे, त्याचा हिशेब मागत नाही. सेवेलाही माझी ना नाही. पण सक्ती करणारा एक आणि राबणारा दुसरा, असं असेल तर टाळ्या कुणाला?

मी बुधवारी येते. मोटारवाल्या इमामसाबला पुढची जागा सांगून ठेवली आहे. घराची किल्ली आणि म्हैस बसम्माकडे. बाळंतपण मी करीन, तुझं करण्यापासूनचा अनुभव आहे. सोमवारच्या गाडीने प्रभाला पुण्याला घेऊन जा. स्वयंसेविका हवी होती ना? यादीत माझं नाव घाल, मी राजीखुशीने येते आहे. लोणचं बरोबर आणते.

तुझी अक्का

सोलापूर, ता. २६ ऑगस्ट १९३४

चि. प्रभा हिस नानांचे अनेक आशीर्वाद.

तुझी आई आणि तुझी महिन्याची बहीण खुशाल आहेत. बारशाला तू नव्हतीस म्हणून कमलाकराने तुझ्या वाटचे पेढेही खाल्ले. तुझी पत्रिका मी कपाटात ठेवली आहे, किल्ली आत्याच्या कमरेला.

व्याख्यान ठेवणाऱ्या मंडळींना मी सांगून आलो, की खेड्यातल्या सेवेच्या ठरावातला सक्ती हा शब्द काढा. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. घरी आलो तर आत्याने माझ्यासमोर एक छापील अर्ज ठेवला. इथे थोरल्या बायकांसाठी संध्याकाळचा वर्ग निघाला आहे, त्यात पाचवीला बसायचं म्हणाली. मी भरायला घेतला. शाळा सोडल्याचं कारण, या रकान्याशी आलो. असे दाखले मी आयुष्यात हजारो लिहिले, वडिलांची बदली, लग्न, घरची अडचण. सवयीने घरची अडचण लिहू लागलो. आत्या तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, की खरं काय ते लिही.

प्रभा, लिहिलेलं मी खोडलं. मग लिहिलं, धाकट्या भावाचा जन्म. आणि खाली पालक म्हणून सहीही मीच केली.

ती वर्गाला जाते तेव्हा बाळ माझ्या मांडीवर असतं. दीड तास. खेड्यात जाणं याहून सोपं असावं. तुझा कोरा कागद सोबत धाडला आहे, आता त्यावर निबंध लिही. खूप शिक, आणि बापावरचा लोभ थोडा तरी शिल्लक असू दे.

तुझे नाना

ता. क. चि. प्रभा, शरदने लिहिलंच आहे. माझं ते एक वर्ष गेल्या आठवड्यात संपलं. वर्गात मी सगळ्यांत थोरली म्हणून बाईंनी मागे बसवलं होतं. मी उठले आणि पुढच्या ओळीत जाऊन बसले. दिसत नाही असं सांगितलं, पण दिसत होतं सगळं. पत्र धाड, शाईने लिही, मला आता लांबलचक चालेल.

तुझी आत्या,
इयत्ता पाचवी