मालूच्या केसांतला ईथरचा वास

डोंबिवली, १४ नोव्हेंबर १९५४, रविवार

मालूचं बोलणं ऐकून बसले ती बसलेच. माझी ही धाकटी बहीण कल्याणच्या इस्पितळात ऑपरेशनच्या खोलीत नर्स आहे. तिला तिसरा महिना आहे. याआधी दोनदा गर्भ पडला. आज वेणी घालताना तिच्या केसांना ईथरचा, त्या भुलीच्या औषधाचा, वास आला. सुट्टीच्या दिवशीही?

"न्हालीस ना गं?"

"दोनदा. जात नाही, ताई. वाऱ्याने ईथर उडतं, म्हणून पंखा बंद, खिडक्या बंद. पेशंट तासभर हुंगतो, आम्ही दिवसभर. आधीच्या सिस्टर म्हणायच्या, इथे पाळणा हलत नाही. त्यांचेही दोन गेले."

हे ती हसत सांगत होती.

दोन्ही वेळा मी तिलाच बोलले. पपई खाल्लीस, जिने चढलीस. सोळा सोमवार करायला लावले. तो वास तेव्हाही केसांना होताच की. मला कसं सुचलं नाही? डॉक्टर म्हणतात, संबंध नाही. नसेलही. मला काय कळतं?

"उद्यापासून जाऊ नकोस," मी म्हटलं.

"मग माझ्या जागी ती नवी सिस्टर उभी राहील. मागच्याच महिन्यात लग्न झालंय तिचं."